फोनवर डॉक्टरांचा सल्ला: भरवसा किती ठेवावा?

घोडबंदरची सून:
आम्ही कासारवडवलीला, सासूबाईंचे डॉक्टर नौपाड्यात. घोडबंदर रोडचं ट्रॅफिक ठाणेकरांना काय सांगू! बीपीची गोळी तीच चालू ठेवायची का, एवढं विचारायला रिक्षातून हाडं खिळखिळी करून घ्यायची? डॉक्टर म्हणतात फोन करा. पण परवा घोट्याला चांगली सूज होती आणि सासूबाई फोनवर म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय!" डॉक्टर बिचारे काय ओळखणार?

वाशीची केमिस्ट:
फोनवरच्या सल्ल्याला मार्च 2020 पासून सरकारी नियमावली आहे. चालू गोळ्या पुढे लिहून देता येतात. मॉर्फीनसारखी औषधं मात्र नाही. आणि चिठ्ठी रीतसर हवी, डॉक्टरांच्या रजिस्ट्रेशन नंबरसकट. "सकाळची अर्धी करा" असला व्हॉट्सअ‍ॅप घेऊन लोक काउंटरवर येतात, वर आमच्यावरच डाफरतात.

निवृत्त परिचारिका, कळवा:
गोळीत अ‍ॅम्लोडिपिन आहे का बघा. त्यानेही घोटे सुजतात. पण हृदय, किडनी यांचीही शंका असते, ते फोनवर ठरत नाही. सूज बोटाने दाबा, खड्डा राहतो का पाहा. बीपीचे आकडे वेळेसकट लिहून ठेवा आणि फोनवर तुम्हीच बोला. धाप लागली, छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं तर फोन फक्त 108 ला.

घोडबंदरची सून:
अ‍ॅम्लोडिपिनच आहे! खड्डाही राहतोय. उद्याच नौपाडा गाठते.