मदत हवी आहे: स्त्रियांचा कामाचा ‘अनुभव’ नेमका कसा मोजावा?

नमस्कार. मी मुंबईत अर्थशास्त्रात एम. ए. करते आहे. शहरी महाराष्ट्रातील स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावत हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय असून आकडेवारी 2017 पासून होत असलेल्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाची, म्हणजे पीएलएफएसची आहे. पद्धत रुळलेलीच आहे: मिन्सरचे वेतन-समीकरण (शिक्षण आणि अनुभवावरून वेतन किती असेल ते सांगणारे) दोघांसाठी वेगवेगळे मांडायचे आणि वाहाका व ब्लाइंडर यांनी 1973 मध्ये सुचवलेल्या विभाजनाने तफावतीचा किती भाग शिक्षण-अनुभवाने उलगडतो आणि किती उरतो, ते पाहायचे.

घोडे अडले आहे ते अनुभवापाशी. सर्वेक्षणात कामाचा पूर्ण इतिहास नसल्याने वयातून शिक्षणाची वर्षे आणि वर शाळेआधीची 6 वजा करून जे उरेल त्याला अनुभव म्हणतात. गेल्या महिन्यात धारावीतल्या एका शिलाई कारखान्यात 38 वर्षांच्या, दहावी झालेल्या एका ताईंशी बोलले. सूत्राप्रमाणे त्यांचा अनुभव 22 वर्षांचा. प्रत्यक्षात लग्नाआधी तीन वर्षे आणि धाकटा शाळेत जाऊ लागल्यानंतर पाच, एवढाच. मधल्या काळात त्या घरी बसून ब्लाउजना हूक लावत होत्या, पण हे मी खोदून विचारल्यावर कळले. “ते काय काम म्हणायचं?” असे त्यांचे उत्तर.

आता असा फुगवलेला अनुभव समीकरणात घातला, की स्त्रियांना अनुभवाचा मोबदलाच कमी मिळतो असे दिसते आणि न उलगडलेला भाग वाढतो. ज्याला मी भेदभाव म्हणणार, त्यातला काही भाग माझ्याच मोजमापातली चूक असेल, ही धास्ती आहे. मुलांच्या संख्येवरून अनुभव दुरुस्त करण्याचा प्रयत्न कोणी केला आहे का?

दुसरा प्रश्न व्यवसायाचा. त्याच कारखान्यात मशीनवर सगळे पुरुष होते आणि धागे कापायला सगळ्या बायका. कामच वेगळे, त्यामुळे समान वेतनाच्या कायद्याचा (आधी 1976 चा, नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेली 2019 ची वेतन संहिता) तिथे फारसा उपयोग नाही. व्यवसाय समीकरणात घ्यावा, असे माझे मार्गदर्शक म्हणतात. तसे केले की न उलगडलेला भाग बराच आकसतो. मला मात्र मशीन कोणाला शिकवले जाते, हाच तफावतीचा गाभा वाटतो. दोन्ही निष्कर्ष शेजारीशेजारी द्यावेत का?

नोकरीतल्याच स्त्रियांचे वेतन दिसत असल्याने निष्कर्ष एका बाजूला झुकतात; ते सुधारणारी हेकमनची 1979 ची दुरुस्तीही करायची आहे. त्यासाठी वेतनावर थेट परिणाम न करणारे, पण नोकरी करण्या-न करण्यावर परिणाम करणारे चल (व्हेरिएबल) हवे. लहान मूल घेतले तर आई लोकलचा प्रवास टाळून घराजवळचे, कमी पगाराचे काम धरते, म्हणजे वेतनावरही परिणाम आलाच. सासूबाई घरात असणे घ्यावे, तर एका घरी त्या नातवंडे सांभाळतात म्हणून सून नोकरी करते आणि दुसऱ्या घरी त्यांना पसंत नाही म्हणून करत नाही. पीएलएफएसमधून याहून बरे चल कोणाला सापडले असल्यास कृपया सांगावे. माझ्या स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या फायली पाठवायला मी तयार आहे.