मदत हवी आहे: ऐकू कमी येणाऱ्या नायिकेची पटकथा

नमस्कार मंडळी, आम्ही खानापूरची चार पोरं लघुपट करतोय. नायिका पीयूसीच्या पहिल्या वर्षाला (म्हणजे अकरावीला), रोज बेळगावला बसनं जाणारी. तिचं ऐकणं हळूहळू कमी होतंय, आणि त्यातच बसमधल्या कन्नड मुलावर जीव जडलाय. बहुतेकदा वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ पुसट होतात, स्वर कळतात. ओठांवर प, ब, म सारखेच दिसतात, म्हणून 'मामा' की 'बाबा' हा घोळ घेतलाय (हसू तिच्यावर नको, हे पक्कं). अडलंय पुढं. मराठी ओठ वाचणारीला कन्नड कितपत उमगेल? श्रवणयंत्र पहिल्यांदा घातल्यावर पंखा, भांडी, पत्र्यावरचा पाऊस कसा वाटतो? निपाणी-बेळगावकडे कुणी यंत्र वापरत असेल तर पटकथा वाचून चुका सांगाल का?