होकायंत्र म्हणायचं का ह्याला? सुईच नाही की यात

परवा बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या रस्त्याला भंगारवाल्याकडं पंपाचा व्हॉल्व बघायला गेलो नि हे काळं घबाड घेऊन आलो. वीतभर उंच, खाली ० ते ३६० आकड्यांची तबकडी, त्यात बारक्या दोन पाणसळी, वर फिरता ड्रम, लॅट, डेक, एल.एच.ए. असं कोरलंय. पाटीवर मुकुट, ए.एम. आणि ६ए नं सुरू होणारा नंबर. भंगारवाला म्हणतोय गवंड्याचं लेव्हल, भावजी म्हणतात होकायंत्र, खरं चुंबक-सुई काहीच नाही. मराठीत काय म्हणायचं ह्याला?

— ए.एम. म्हणजे एअर मिनिस्ट्री, ब्रिटिशांचं विमान खातं. दुसऱ्या महायुद्धातला ॲस्ट्रो कंपास आहे हा. लँकेस्टरसारख्या बॉम्बरच्या टपावर पारदर्शक घुमट असायचा, नॅव्हिगेटर त्यात डोकं घालून हे वापरायचा. विमानातलं लोखंड नि वायरी सुईला भरकटवतात, ध्रुवाजवळ तर सुई कामालाच येत नाही, मग सूर्य नाहीतर तारा धरून दिशा काढायची. सांबऱ्याचं विमानतळ ब्रिटिश हवाई दलानं १९४२ ला केलेलं, खरं म्हणून हे तिथलंच असं लगेच धरू नका, युद्धानंतर असला माल ढिगानं विकला गेलाय. आणि वरच्या त्रिकोणांचा पिवळट रंग खरवडू नका हां, किरणोत्सारी रेडियम असतंय त्यात.

— शब्दाचं बोलायचं तर तिन्ही आपल्याकडं आधीच आहेत की. लॅट म्हणजे अक्षांश, डेक म्हणजे क्रांती, सूर्य-तारा आकाशातल्या विषुववृत्तापासून किती अंश उत्तर-दक्षिणेला आहे ते, एल.एच.ए. म्हणजे होराकोन, तो डोक्यावरच्या उत्तर-दक्षिण रेषेपासून किती सरकलाय ते, जुन्या गणितात त्याला नत म्हणायचे. भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीत त्रिप्रश्नाधिकार नावाचं प्रकरण आहे, दिक् म्हणजे दिशा, देश म्हणजे ठिकाण नि काल म्हणजे वेळ हे ते तीन प्रश्न. ह्या यंत्रात देश आणि काल भरा, दिक् मिळते. म्हणून मी दिक्साधन म्हणेन. सूर्यहोका छान वाटतं ऐकायला, खरं रात्री ताऱ्यावर लावलं तर काय म्हणणार?

— दिक्साधन पटलं सर. काल सकाळी गच्चीवर लावून बघितलं, पाणसळीतले बुडबुडे मधोमध आणले, अक्षांश १६ धरला, बाकीचे दोन आकडे मोबाईलवरनं काढून भरले आणि वरचा भाग फिरवत गेलो तर दांडीची सावली पडद्यावरच्या दोन रेघांमध्ये बरोबर बसली बघा. मग तबकडी भिंतीला लावून दाराची दिशा काढली. वास्तूवाल्यानं पूर्वेचं दार म्हणून पैसे घेतलेले, ते चांगलं १२ अंश ईशान्येला निघालं. बायकोला अजून सांगितलं नाही.