वालचंद आणि विझागचं शिपयार्ड
विझागचं म्हणजे विशाखापट्टणमचं शिपयार्ड, जहाजं बांधायचा कारखाना, पहिल्यापासून सरकारीच होतं असं कुणीकुणी म्हणतात, तर तसं नाहीये हो. ते सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या जहाज कंपनीचं. हा माणूस मुळात रेल्वेचा कंत्राटदार, बोगदे खणायचा, १९२६ ची हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन पण त्यांचीच. बोटींचा नाद १९१९ चा, ग्वाल्हेरच्या महाराजांकडून 'लॉयल्टी' नावाची बोट विकत घेतली आणि ५ एप्रिलला मुंबईहून लंडनला सोडली, ५ एप्रिलचा राष्ट्रीय सागरी दिन त्यावरूनच. पण बोटी विकत घेणं वेगळं आणि बांधणं वेगळं ना! शिपयार्डची पायाभरणी व्हायला जून १९४१ उजाडलं, राजेंद्रप्रसादांच्या हस्ते, ते पण ऐन महायुद्धात, आणि वर्ष व्हायच्या आत एप्रिल ४२ मध्ये जपान्यांनी विझागवर बॉम्ब टाकले म्हणजे बघा काय नशीब. तरी मार्च १९४८ ला तिथे बांधलेली ८००० टनी बोट 'जलउषा' उतारावरून घसरत पाण्यात गेली, नेहरू स्वतः हजर होते. शिपयार्डात सरकार आलं ते १९५२ ला, तेही दोन तृतीयांश हिश्शापुरतं, उरलेलं १९६१ ला घेतलं.