मदत हवी आहे: लॅपटॉप मिक्सरला जोडला की नांदीतला आवाजच गायब

नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेत पुढच्या शनिवारी आमचं नाटक आहे. पार्श्वसंगीत माझ्याकडे. यंदा नांदीही रेकॉर्ड केली आहे, कारण दरवर्षी ती म्हणणाऱ्या काकांना आता उभं राहणं झेपत नाही. आवाज त्यांचाच आहे, म्हणून ती नीट वाजायलाच हवी.

काल देवळापुढच्या मंडपात तालीम झाली. लॅपटॉप विंगेत, मिक्सर प्रेक्षकांच्या मागे, अंतर साधारण २५ मीटर. रंगमंचावरच्या स्टेज बॉक्सला (मिक्सरकडे जाणाऱ्या वायरी जोडायचा डबा) फक्त एक्सएलआर, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या जागा. साउंडवाल्याने एका टोकाला हेडफोनची ३.५ मिमी पिन, दुसऱ्या टोकाला एक्सएलआर अशी वायर दिली. नांदी लावली, तर पेटी-तबला विहिरीतून आल्यासारखे आणि काकांचा आवाज जवळजवळ नाहीच, नुसता घुमारा! काका पुढच्याच खुर्चीवर बसले होते. हेडफोनवर तेच रेकॉर्डिंग अगदी स्वच्छ.

शिवाय चार्जर लावला की स्पीकरमधून सतत घूं घूं. काढला की बंद. नाटक तीन तासांचं, बॅटरी जेमतेम दीड तास. काय करू?

प्रतिसाद १

रेकॉर्डिंग ठीक आहे, वायर चुकीची आहे. एक्सएलआरच्या दोन पिनांवर मिक्सरला एकच सिग्नल सुलटा-उलटा हवा असतो. तो दोन्हींतला फरक तेवढा घेतो. तुमच्या वायरीने एका पिनेवर डावा चॅनल गेला, दुसरीवर उजवा. गायकाचा आवाज दोन्हींत सारखाच असतो, म्हणून वजाबाकीत तोच उडाला.

स्टिरिओ डीआय बॉक्स आणा (लॅपटॉपचा सिग्नल मिक्सरला हवा तसा सुलटा-उलटा करून देणारा छोटा डबा), पॅसिव्ह म्हणजे वीज न लागणारा असला तरी चालेल. तो लॅपटॉपशेजारीच ठेवायचा. लॅपटॉपपासून बॉक्सपर्यंत ३.५ मिमी स्टिरिओ ते दोन ६.३५ मिमी मोनो अशी आखूड वायर, आणि पुढे स्टेज बॉक्सपर्यंत दोन एक्सएलआर. लांब पल्ला एक्सएलआरनेच गाठायचा. घूं घूं येते ती लॅपटॉप आणि मिक्सर यांच्या अर्थिंगचं वेटोळं झाल्यामुळे. डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे सिग्नलच्या वायरीतली अर्थिंगची जोड तोडणारं बटण दाबा. चार्जरची अर्थिंगची पिन मात्र कुणी कितीही सांगितलं तरी काढू नका, जीवाशी खेळ आहे.

प्रतिसाद २

स्टेज बॉक्सवर एकच जागा मोकळी असेल, तर विंडोजच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा आणि डाव्या चॅनलचीच वायर डीआयला लावा. डावा-उजवा एकत्र पिळून जोडू नका. आणि डीआय नसताना लॅपटॉप थेट लावलात, तर त्या चॅनलचा ४८ व्होल्टचा फँटम (मिक्सर माइकसाठी वायरीतून पाठवतो ती वीज) बंद आहे ना, हे आधी बघा.

मूळ लेखक

देव बरें करूं! शेजारच्या गावातल्या भजनी मंडळाकडून डीआय मिळाला. जागा एकच होती, म्हणून मोनो केलं. बटण दाबण्याआधी थोडी घूं घूं होती, दाबल्यावर चार्जर लावूनही शांत. लॅपटॉपचा आवाज ८० टक्क्यांवर ठेवून बाकीचं मिक्सरच्या गेनवर (येणारा सिग्नल वाढवायच्या बटणावर) सोडलं. काकांना शेवटच्या रांगेत बसवून नांदी लावली. दुसऱ्या ओळीपासून ते स्वतःच गुणगुणू लागले.