जडसन दांपत्य आणि ब्रह्मदेशातील पहिली ख्रिस्ती मंडळी : परक्या समाजात जाऊन धर्म सांगण्याचा अधिकार कोणाला?

शोधयात्री

मिशनऱ्यांचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच दोन ठरलेल्या वाटांनी जाते. एका बाजूला ‘साम्राज्याचे अग्रदूत’ आणि दुसऱ्या बाजूला ‘शाळा-दवाखाने काढणारे उपकारकर्ते’. या दोन्ही वाटा सोडून एका जोडप्याकडे नीट पाहावे, अशी माझी विनंती आहे. ॲडोनिराम जडसन आणि त्यांची पत्नी ॲन हे अमेरिकन दांपत्य १३ जुलै १८१३ रोजी रंगूनला उतरले. त्या वेळी ब्रह्मदेशात स्वतंत्र राजाची सत्ता होती आणि प्रजेने राजाचा धर्म सोडणे हा जिवावर बेतणारा गुन्हा होता. या दोघांच्या पाठीशी कोणाचीही फौज नव्हती.

भाषा शिकण्यात आणि भाषांतराला हात घालण्यात सहा वर्षे गेली. एप्रिल १८१९ मध्ये त्यांनी रस्त्याच्या कडेला एक ‘झायात’ बांधला. वाटसरूंनी टेकावे आणि धर्मचर्चा ऐकावी यासाठी त्या देशात अशा उघड्या धर्मशाळा असत, म्हणून त्यांनीही तोच प्रकार स्वीकारला. २७ जून १८१९ रोजी माउंग नॉ या पहिल्या ब्रह्मी शिष्याने जवळच्या तळ्यात बाप्तिस्मा घेतला. त्या तळ्याच्या काठावर गौतमाची भली मोठी मूर्ती होती. पुढे नोव्हेंबरमध्ये आणखी दोघे पुढे आले, पण त्यांनी हा विधी सूर्यास्ताच्या सुमारास, लोकांच्या नजरेआड व्हावा अशी विनंती केली, कारण नवा राजा बाजीदौ गादीवर आला होता आणि वातावरण बदलले होते.

जानेवारी १८२० मध्ये जडसन स्वतः राजाकडे धर्मस्वातंत्र्य मागायला गेले. राजाने त्यांची धर्मपत्रिका थोडी वाचली आणि जमिनीवर टाकून दिली. तेव्हा रंगून सोडून इंग्रजी हद्दीजवळ जावे असा विचार जडसन करू लागले असता त्यांना थांबवले ते त्याच मूठभर शिष्यांनी. निदान आठ-दहा जण होईपर्यंत थांबा, मग आमच्यातलाच कोणी शिकवील, असे त्यांचे म्हणणे होते. १८२० च्या जुलैपर्यंत दहा जणांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांतील दहावी मा मेन-ला ही स्त्री होती.

परक्या समाजात जाऊन धर्म सांगणाऱ्याला जोखायचे, तर समोरच्याला ‘नाही’ म्हणण्याची पूर्ण मुभा होती का, हे पाहावे, असे माझे मत आहे. या कसोटीवर जडसनांची पहिली अकरा वर्षे निखळ ठरतात, कारण तेव्हा ‘हो’ म्हणण्यात केवळ धोका होता आणि लाभ काहीच नव्हता.

करुणोदय

आपण मांडलेले तपशील मला मान्य आहेत, पण कसोटी अपुरी वाटते. मी बौद्ध घरातला आहे, त्यामुळे तळ्याकाठची ती मूर्ती मला वेगळ्या रीतीने दिसते. ‘नाही’ म्हणण्याची मुभा असली म्हणजे सगळे काही आले, असे नाही. ज्या लोकांकडे शतकानुशतके विहार आहेत, भिक्खू आहेत, खेड्यापाड्यांतली मुले ज्यांच्याकडे अक्षर गिरवतात अशी परंपरा आहे, त्या लोकांना तारणाचा मार्गच ठाऊक नाही, हा निवाडा जडसन दांपत्याने बोटीत पाऊल ठेवण्यापूर्वीच केला होता. भाषा ते नंतर शिकले. पालीकडेही वळले, पण निवाडा तोच राहिला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांना दीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातलेच होते. म्हणजे आमचाही धर्म एका अर्थी परदेशी भिक्खूच्या हातून आला. पण येवल्याची घोषणा १९३५ ची आणि दीक्षा १९५६ ची. मधली वीस-एकवीस वर्षे अभ्यास, तुलना आणि वाद यांत गेली आणि निर्णय आमच्या बाजूने झाल्यावर चंद्रमणींना बोलावले गेले. रंगूनमध्ये जडसनांना कोणी बोलावले होते?

आणि धोक्याची वाटणी पाहा. १८२० मध्ये ॲन आजारी पडल्या तेव्हा दोघांना उपचारांसाठी बंगालला जाता आले. माउंग नॉला जायला दुसरा देश नव्हता.

नगरवाला

करुणोदय यांच्या भावनेचा मला आदर आहे, तरीही बोलावणे नव्हते म्हणून जाणे चुकीचे, हे मला पटत नाही. ज्याचे नावच ऐकले नाही त्याला कोणी बोलावणार कसे? ज्यांनी ‘थांबा’ म्हटले ती प्रौढ, विचार करणारी माणसे होती, आणि त्यांचे ते म्हणणे हेच माझ्या दृष्टीने या मंडळीचे खरे आमंत्रण आहे.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबातला आहे. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, त्याला आता शतक उलटून गेले, तरी ‘तेव्हा तुम्हाला काय मिळाले होते?’ हा प्रश्न आम्हाला आजही विचारला जातो. त्या प्रश्नात आमच्या पूर्वजांना स्वतःचे डोके होते हेच नाकारलेले असते.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट नोंदवतो. १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सेलम येथे जडसनांबरोबर ज्यांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत आले. नॉट यांच्या पत्नी रोक्झाना याही सोबत होत्या. कंपनी सरकारने त्यांचे स्वागत तर केले नाहीच, उलट त्यांना परत पाठवण्याचे हुकूम काढले. साम्राज्य आणि मिशन एकाच साच्यातून निघाले, असे म्हणणाऱ्यांनी हे दप्तर जरूर पाहावे.

पायवाट

मी राजकीय बाजू मांडतो, कारण शोधयात्री यांनी पहिल्या अकरा वर्षांवरच थांबून पुढचा कठीण भाग बाजूला ठेवला आहे. १८२४ मध्ये इंग्रज-ब्रह्मी युद्ध पेटले आणि ८ जूनला जडसनांना आवा या राजधानीत पकडले. या अटकेला निव्वळ धर्मद्वेष म्हणता येत नाही. मिशनचा पैसा बंगालमार्गे, एका इंग्रज व्यापाऱ्याच्या हुंड्यांवर येत असे आणि त्याच्या वह्यांत मिशनऱ्यांना दिलेल्या रकमा सापडल्या. शत्रूशी युद्ध चालू असताना कोणत्या दरबाराने यावर संशय घेतला नसता?

पुढे तह झाला तेव्हा जडसन दुभाषे होते. फेब्रुवारी १८२६ च्या यांदाबोच्या तहाने ब्रह्मदेशाने आराकान आणि तेनासरीम गमावले आणि एक कोट रुपयांची खंडणी मान्य केली. मिशनने मग बस्तान हलवले ते नव्याने इंग्रजांकडे गेलेल्या तेनासरीममध्ये, आधी ॲम्हर्स्टला आणि नंतर मोलमीनला. मंडळीची खरी वाढ तिथूनच झाली. आपल्याच कसोटीने विचारतो, इंग्रज संगिनींच्या छायेतला ‘हो’ आणि झायातमधला ‘हो’ एकाच तोलाचे आहेत का?

मंजिरी

या सगळ्या चर्चेत ॲन जडसन आजारी पडण्यापुरत्याच आल्या, याचे मला वाईट वाटते. पती तुरुंगात असताना कैद्यांना अन्न पोचवणे, अधिकाऱ्यांच्या दारी रोज अर्ज घेऊन उभे राहणे, भाषांतराचे हस्तलिखित उशीत शिवून वाचवणे, हे सारे त्यांनी गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर केले. मुलगी मारिया जानेवारी १८२५ मध्ये जन्मली. पुढे आऊंगपेनला या गावी ॲन इतक्या खचल्या की त्यांचे दूध आटले. तेव्हा बेड्या घातलेले जडसन तान्ह्या मुलीला घेऊन दारोदार जात आणि त्या गावातल्या अंगावर पाजणाऱ्या बायका तिला पाजत. त्या बायका बौद्ध होत्या आणि त्या बाळाचा बाप त्यांच्या राजाचा कैदी होता. कोण कोणाला धर्म शिकवायला आले होते, हा प्रश्न मला इथे सगळ्यात जास्त छळतो. २४ ऑक्टोबर १८२६ रोजी ॲन ॲम्हर्स्टला वारल्या. पती तेव्हा इंग्रज वकिलातीबरोबर दुभाषे म्हणून आव्याला गेले होते.

शोधयात्री

पायवाट यांचा प्रश्न रास्त आहे. संगिनींच्या छायेतला ‘हो’ मी झायातमधल्या ‘हो’च्या तोलाचा मानत नाही. मात्र तेनासरीममधल्या करेन या डोंगरी जमातीच्या लोकांचा प्रश्न निराळा आहे. १८२८ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला को था ब्यू हा पूर्वी दरोडेखोर होता, कर्जापायी गुलाम झालेला होता, आणि पुढे डोंगरातल्या आपल्याच लोकांत तो गावोगाव फिरला. करेन लोकांत मंडळी पसरली ती मुख्यतः अशा करेन माणसांच्या पायांनी. ब्रह्मी सत्तेखाली दबलेल्या समाजाला नवा धर्म हवासा वाटला, यात त्यांची अक्कल गहाण पडली असे मी म्हणणार नाही. नागपूरच्या दीक्षेचा दाखला देणाऱ्यांना तर हे मी समजावून सांगण्याची गरज नसावी.

करुणोदय

करेन लोकांच्या निर्णयावर माझा आक्षेप नाही, तो त्यांचाच होता. आक्षेप आहे तो जडसनांच्या दृष्टीवर. नगरवाला म्हणतात तसे, न ऐकलेल्याला कोणी बोलावत नाही, हे मान्य. पण सांगायला गेलेल्याने ऐकायचीही तयारी ठेवावी लागते. झायातमध्ये येणाऱ्या ब्रह्मी विद्वानांशी जडसनांनी तासन्‌तास वाद घातले, त्यांतून माउंग श्वे-न्यांगसारखा विचारवंत त्यांच्याकडे वळला. उलट दिशेने काही वळू शकेल, ही शक्यता मात्र त्या बैठकीत कधीच नव्हती. मंजिरी यांनी सांगितलेल्या त्या गावानंतरही ती आली नाही. माझ्या लेखी ‘नाही’ म्हणण्याच्या मुभेइतकीच ही गोष्ट महत्त्वाची आहे, आणि आपल्या कसोटीत तिला अजून जागा मिळालेली नाही.