नुसतं ओठ वाचून भागत नाही
कुणीतरी विचारलंय की बहिऱ्या मुलीला ओठ वाचायला शिकवलं की कॉलेजात भागत नाही का. नाही हो भागत. प, ब, म तिन्हींना ओठ सारखेच मिटतात, शिकवणारा फळ्याकडे वळला की तेवढंही गेलं, आणि दिवसभर अंदाज बांधून डोळे थकतात ते वेगळंच. १८८० मध्ये इटलीतल्या मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षणावर परिषद भरली, तिथे त्यांच्या शाळांतून खुणांची भाषा काढायचा ठराव झाला, त्यात पिढ्या भरडल्या. अमेरिकेतलं बहिऱ्यांसाठीचं गॅलोडेट विद्यापीठ १८६४ चं, पण पहिला बहिरा अध्यक्ष १९८८ मध्ये, तोही विद्यार्थ्यांनी कॅम्पस बंद पाडल्यावर! म्हणून एखादी बहिरी तरुणी स्वतः शिकून पुन्हा लहान बहिऱ्या मुलांना, त्यांच्या आईबाबांना साइन, म्हणजे खुणांची भाषा, शिकवते ना, ते मला फार मोठं वाटतं. आणि प्लीज, बहिऱ्या मुलीशी बोलताना इंटरप्रिटरकडे, म्हणजे खुणांच्या दुभाष्याकडे नाही, तिच्याकडे बघा.